सबब हरवली

चालू कॅमेरा हातात असताना नवा कशाला, या प्रश्नाला कुठल्याही फोटोग्राफरच्या घरात समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. माझ्याकडे निकॉनचा डी९० होता. २००८ साली बाजारात आलेला, १२.३ मेगापिक्सेलचा, व्हिडिओ घेऊ शकणारा जगातला पहिला डीएसएलआर. त्याच्याविषयी तक्रारीला जागा नव्हती, म्हणून मी ती तयार करायला घेतली.

गणपतीच्या मंडपातल्या फोटोंत दाणे दिसले, की मी म्हणायचो, ‘याचा आयएसओ मुळात ३२०० पर्यंतच.’ भिगवणला रोहित पक्षी उडाले आणि फोटोत नुसतं पाणी आलं, तर ‘फोकस पॉइंट अकराच, काय करणार?’ भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर होताच नवरीचे डोळे मिटलेले आले, तेव्हा सेकंदाला साडेचार फ्रेममध्ये संसार कसा टिपायचा, असं मी मांडवातच सर्वांना विचारलं. ऐकणाऱ्यांना यातलं काही कळत नसे, त्यामुळे पटत असे.

मग २०१५ साली डी७२०० आला. २४.२ मेगापिक्सेल, एक्कावन्न फोकस पॉइंट, सेकंदाला सहा फ्रेम, आयएसओ थेट २५,६००, शिवाय कार्डांना दोन खाचा. हे आकडे मी जेवताना बायकोला वाचून दाखवले. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “अहो, पण फोटो तुम्हीच काढणार ना?” तांत्रिक चर्चेत वैयक्तिक मुद्दे आणू नयेत, एवढं बोलून मी ताक मागितलं.

विरोध मुलीकडूनही झाला. मेगापिक्सेल दुप्पट म्हणजे फोटो दुप्पट मोठा, असं मी सांगत होतो. तिनं कागदावर लिहून दाखवलं: जुन्याची रुंदी ४२८८ पिक्सेल, नव्याची ६०००. म्हणजे साधारण १.४ पट. आठवीत वर्गमूळ शिकवायची काय घाई असते, कळत नाही.

तरीही मी मुंबईला फोर्टातल्या बोराबाजारात गेलो. दुकानदारानं जुना कॅमेरा हातात घेऊन पहिला प्रश्न केला, “शटर किती पडलंय?” मी त्या कॅमेऱ्यानं काय काय टिपलं ते सांगू लागलो. त्याला फक्त आकडा हवा होता. आकडा ऐकून त्यानं जी किंमत सांगितली, तेवढ्यात नव्या कॅमेऱ्याची चांगली बॅगही आली नसती. नवा घेतला आणि जुनाही मी परत घरी आणला.

बॉडी घेतली की खर्च संपला, असं वाटतं. मग जुन्या बॅटऱ्या नव्यात बसत नाहीत. कार्डं लवकर भरतात, कारण एकेक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची. लॅपटॉपवरचं जुनं सॉफ्टवेअर ती उघडायला साफ नकार देतं. ते बदलावं, तर लॅपटॉपला धाप लागते. लॅपटॉपचा विषय मी अजून जेवताना काढलेला नाही.

खरी पंचाईत फोटो मोठे करून पाहिल्यावर झाली. दोन्ही कॅमेऱ्यांतला सेन्सर जवळजवळ एकाच आकाराचा, पण नव्यात पिक्सेल दुप्पट. विरार लोकलचा डबा तोच, माणसं दुप्पट. कोणी जरा हललं की शेजाऱ्याला कळतं. जुन्यात हाताचा जो कंप खपून जायचा, तो इथे स्पष्ट दिसतो. फोकस खंड्याच्या डोळ्याऐवजी मागच्या फांदीवर गेलाय, हे आता निर्विवाद. फांदी मात्र अप्रतिम आली आहे. सेकंदाला सहा फ्रेममुळे तीच फांदी माझ्याकडे भरपूर आहे.

आणि या सगळ्याचं पुढे होतं काय? फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. साध्या पद्धतीनं पाठवला, तर तिथे पोचेपर्यंत त्याचे जेमतेम दोन मेगापिक्सेल उरतात. त्यावर काका विचारतात, “हा नवीन मोबाइलवर काढलास का रे?” पूर्वी फोटो हुकला की मी आयएसओकडे बोट दाखवायचो. आता आयएसओ २५,६०० आहे आणि बोट दाखवायला मीच उरलोय.

तेव्हा बॉडी बदलायच्या विचारात असणाऱ्यांनो, माझा सल्ला ऐका. अडचण अंधाराची असेल, तर आधी ५० एमएम, एफ/१.८ ची लेन्स घ्या. झूम पूर्ण ताणलेल्या साध्या किट लेन्सपेक्षा ती नऊ-दहा पट उजेड आत घेते आणि नव्या बॉडीच्या मानानं स्वस्त पडते. अडचण हाताची असेल, तर ट्रायपॉड घ्या. एवढं करूनही नवा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर खुशाल घ्या, पण जुना विकू नका. त्याचे पैसे किरकोळच येतात, आणि बिघडलेल्या फोटोंची जबाबदारी घ्यायला घरात कोणीतरी लागतंच.