वसतिगृहात जाण्यासाठी वसतिगृह

देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याची, १९६१ची. तिथे सहावीत जायचं तर प्रवेश परीक्षा. म्हणून पोराला चौथी संपताच निवासी अकादमीत ठेवायचं. म्हणजे वसतिगृहात जाण्यासाठी आधी वसतिगृहात जायचं.

जवाहर नवोदय विद्यालयाचंही तेच. सहावीसाठी ८० प्रश्न, दोन तास. त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे. बुद्धिमत्ता घोकून घेता येते, हा शोध मात्र आपला! किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, राहणं-जेवण फुकट. हेतू असा, की खेड्यातल्या हुशार पोराला बापाची ऐपत न बघता चांगली शाळा मिळावी. त्या हेतूचा फ्लेक्स आता तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर झळकतो, गुणवंतांच्या फोटोंसह. खाली क्लासची फी विचारायला मोबाइल नंबर.

बरं, प्रवेश मिळाला की सुटका? छे. नवोदयचे शिक्षक आवारातच राहतात, पोरांना अडलेलं सांगतात. पण पैसे न मोजता मिळालेल्या शिकवण्यावर बापाचा विश्वास बसेल तर शपथ. दिवाळीला पोरगं घरी येतं. चिवड्याचा डबा अजून उघडायचाय. क्लास उद्या सकाळी सातला आहे.