तात्पुरत्याला तारीख लावा

गावच्या शाळेत ‘तात्पुरती’ म्हणून उभी राहिलेली पत्र्याची खोली पुढे सहसा कुणी हलवत नाही. मुलं चौथी पास होऊन जातात, गुरुजींची बदली होते, शेड जागच्या जागी असते.

मी दुबईत, अल बर्शात राहतो. इथे शाळांची दाटी आहे आणि बांधकामाच्या कुंपणाआड पोर्टा केबिनही नेहमीच्या. शहर नवं, सपाट, वाळूवर वसलेलं. पांढरा डबा इथे कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. कोकणातल्या गावात मात्र तो खुपतो, आणि खुपायलाच हवा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत शाळांची कौलं आणि पत्रे उडाले. अशा वेळी मुलांच्या डोक्यावर आधी छप्पर हवं, म्हणून घाईत उभारलेल्या शेडला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार पुढच्या वर्षांबद्दल आहे.

कोकणातली जुनी शाळा आठवा. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, कडेला आंबा. तिच्यासमोर, ऐन मैदानात, सिमेंटच्या कोब्यावर निळ्या पत्र्याची खोली बसवली जाते. आड येणारी आंब्याची फांदी छाटली जाते. पन्हळ लावायचं राहून जातं आणि पत्र्यावरून कोसळणारं पाणी लाल मातीत चर पाडतं. दोन-तीन पावसाळ्यांत खेळायची जागा धुपून दगड वर येतात. आत पावसाच्या आवाजात बाईंचं बोलणं ऐकू येत नाही, एप्रिलमध्ये पत्रा तापतो. समोरच्या डोंगरावरून पाहिलं तर गावात पहिल्यांदा नजरेत भरतो तो निळा चौकोन. देवळाचा कळसही त्यानंतर दिसतो.

हा निव्वळ देखणेपणाचा हट्ट नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला बारमाही इमारत, शिक्षकागणिक एक वर्गखोली आणि खेळाचं मैदान बंधनकारक केलं आहे. वर्गासाठी मैदान गिळणं म्हणजे मुलांचा एक हक्क देताना दुसरा काढून घेणं.

तात्पुरतं म्हणजे ओबडधोबड, असंही काही नाही. याच आखाती किनाऱ्यावर तेलाच्या आधीच्या काळात लोक उन्हाळ्यात खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहायचे. घर हंगामी असे, पण त्यातून वारा खेळायचा आणि सामान आसपासच्या बागेतलं असायचं. 2008 मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला, तेव्हा जपानी वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी स्वयंसेवकांना हाताशी धरून चेंगदूतल्या एका प्राथमिक शाळेसाठी कागदी नळ्यांच्या सांगाड्यावर 9 वर्ग उभे केले. आपत्तीच्या घाईतही नीट विचार करता येतो, याचा हा पुरावा.

आपल्याकडे तर बांबू आहे, जांभा आहे, कौलं आहेत आणि ती शाकारणारे हातही आहेत. पत्राच वापरायचा असेल तर तो मातकट रंगाचा घ्या, मैदान सोडून इमारतीच्या मागे किंवा बाजूला बसवा, छपराला पुरेसा उतार आणि पन्हळ द्या, झाडाला हात लावू नका. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. उभारणीआधी तासभर जागेवर उभं राहून विचार करावा लागतो, एवढंच.

शाळा विकास आराखडा करण्याचं काम कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीचं आहे आणि समितीत पाऊण सदस्य पालक असतात. त्या आराखड्यात शेडपुढे दोन तारखा लिहा: पक्की खोली कधी होणार आणि शेड कधी निघणार. ग्रामसभेत त्या मोठ्यानं वाचा.

आणि परदेशातून गावच्या शाळेला पैसे पाठवणाऱ्या माझ्यासारख्यांनो, देणगीच्या पाटीवर आपलं नाव येणार का हे विचारण्याआधी त्या दोन तारखा विचारा. त्या मिळेपर्यंत पत्र्यासाठी पैसे पाठवू नका; पक्क्या खोलीसाठी पाठवा.