गाडी सगळं सांगते

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात दोनच प्रश्न विचारले जातात. आज क्रेट कितीला गेला, आणि पिकअप कधी बदलताय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत असं फक्त शोरूमवाल्यांना वाटतं. 2023 च्या जुलैत वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या पुढं गेला, तेव्हा आमच्या दाजींना आपल्या पिकअपचा क्लच एकाएकी जड लागू लागला, सीट टोचू लागली आणि केबिनमध्ये एसी नाही हा तर माणुसकीचाच प्रश्न झाला. सप्टेंबरात भाव कोसळले, लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि तीच गाडी ‘अजून दहा वर्षं बघायला नको’ इतकी ठणठणीत झाली. वाहन उद्योगातली मंडळी मागणीचे तक्ते काढत बसतात. त्यापेक्षा त्यांनी एकदा इथं येऊन लिलाव ऐकावा.

गाडी 2020 च्या मार्चमधली. 1 एप्रिलपासून बीएस-6 येणार आणि बीएस-4 चा राहिलेला माल विकता येणार नाही, म्हणून त्या महिन्यात सवलतींचा पाऊस पडत होता. ‘त्यातल्या त्यात साधं इंजिन मिळतंय तोवर घ्या, पुढं फिटर नाही, लॅपटॉपवाला बोलवावा लागेल,’ हा फिटरचा सल्ला. फिटरचं पोट कशावर आहे, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. गाडी दारात आली आणि लॉकडाऊन लागला. सगळा देश घरात बसलेला, आणि दाजी भाजी घेऊन मुंबईला, कारण समोरच्या काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ असा कागद चिकटवलेला. त्याच्या तोडीचं फीचर आजवर कुठल्या कंपनीला जमलेलं नाही, असं दाजी अजून सांगतात. नाक्यावर पोलीस हात करायचे तो चक्क ‘जा’ म्हणायला.

22 सप्टेंबर 2025 ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि विषय पुन्हा निघाला. शोरूममधून दाजींनी माहितीपत्रक आणलं. गुळगुळीत कागद, त्यावर चकचकीत पिकअप, हौद्यात काहीही नाही. रिकामी पिकअप मी तरी प्रथमच पाहिली.

पहिल्या पानावर क्रूझ कंट्रोल. एकदा वेग ठरवला की गाडी त्याच वेगानं चालत राहते. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात ही सोय आम्हाला कधीपासून फुकट मिळते आहे. वेग शून्य, पण अगदी स्थिर. जिथं इतक्या गाड्या तयार होतात तिथून एक गाडी बाहेर काढता येऊ नये, याला काही तरी शास्त्रीय कारण असणार.

पुढं मागचा कॅमेरा. दाजींच्या गाडीला कॅमेरा आहेच, तो एकोणीस-वीस वर्षांचा असून तोंडात मावा धरतो. गाडी मागं घेताना तो फाळक्याशी उभा राहतो आणि तळहातानं पत्रा वाजवत ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ असं म्हणत राहतो. गाडी भिंतीला लागली की ‘थांब’ म्हणतो. फाळक्याची डावी कडी त्याच्याच मार्गदर्शनाखाली गेली. तेव्हापासून तिथं निळी नायलॉनची दोरी आहे आणि तिची गाठ फक्त त्यालाच सुटते. शोरूममधला कॅमेरा धडकायच्या आधी पीं-पीं करतो हे खरं. पण तो क्रेट उतरवत नाही, रात्री जुन्नर फाट्याला चहा आणत नाही आणि गाठही सोडत नाही.

मग एसी. मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी हवाच, असा नियम 2025 पासून झाला. पण तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. म्हणजे चालकाला उकडतं हे सरकारनं तत्त्वतः मान्य केलं आहे, फक्त घाम वजनावर मोजायचा ठरवलं आहे. पिकअप कागदावर त्या रेषेच्या किंचित खाली. माल भरल्यावर दाजींची गाडी ती रेषा सहज ओलांडते. कागदावर 1,300 किलोची क्षमता, म्हणजे 65 क्रेट. दाजी 110 च्या खाली सुतळी बांधत नाहीत. तेव्हा एसीवर त्यांचा नैतिक हक्क निर्विवाद आहे. अडचण एवढीच की तो मागायला गेलं तर वजनकाट्यावर जावं लागेल, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एवढ्या पैशात क्लीनरला कायमचं वारा घालायला बसवता येईल.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. दाजी, आक्का आणि गाडीतलं काही कळत नसल्यामुळं तटस्थ म्हणून मी. टाय लावलेला मुलगा टचस्क्रीनबद्दल बोलत होता आणि दाजी वाकून गाडीखाली बघत होते. उठून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“पाटा वाढवता येईल का?”

“सर, वॉरंटी जाईल.”

दाजींचा चेहरा उतरला. जी गाडी कमानपाट्यात एक पाटासुद्धा जास्तीचा घालू देत नाही, ती नात्यागोत्याच्या लग्नात बँजो पार्टी, जनरेटर आणि उरलेलं वऱ्हाड कशी नेणार? वऱ्हाड नेणं बेकायदा आहे हे दाजींना ठाऊक आहे. ते मुलीकडच्यांनाही ठाऊक असतं.

विषय तिथंच संपला असता. पण मुलगा म्हणाला, “मॅडम, यात मोबाइल ॲप पण आहे,” आणि आतापर्यंत पंख्याखाली बसलेली आक्का उठून पुढं आली. गाडी या क्षणी कुठं आहे, किती वेळ उभी आहे, इंजिन किती वेळ नुसतं चालू होतं, वेग किती होता, हे सगळं घरबसल्या दिसतं. चालकांवर लक्ष ठेवायला मालकांना फार उपयोगी, असं त्यानं भाबडेपणानं सांगितलं. आमच्याकडं चालकही दाजी आणि मालकही दाजी. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार मात्र आक्का.

“म्हणजे वाशीहून माल उतरवून निघाले तर इथं दिसणार?”

“हो मॅडम.”

“आणि मध्ये ढाब्यावर तीन तास थांबले तर?”

“हो मॅडम, वेळेसकट.”

दाजींनी घाईघाईनं बीएस-6 चे तोटे सांगायला घेतले. सेन्सर नाजूक असतात, धुराचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागला की गाडी वेगच धरत नाही, फिटर हात लावत नाही. मुद्दे सगळे बरोबर होते. पण ज्या माणसानं काल रात्री क्रूझ कंट्रोलपायी झोप सोडली होती, त्यानं ते मांडायला नको होते. आक्कानं पिशवीतून चेकबुक काढलं. बुकिंगची पावती तिच्या नावावर, ॲपचा पासवर्ड तिच्याकडं, आणि गाडीच्या मागं काय लिहायचं तेवढं दाजींच्या मर्जीवर.

सध्या दाजी वाशीला जायची वाट बदलण्याच्या विचारात आहेत. आळेफाट्यावरून माळशेज घाटानं उतरलं की मध्ये बराच पट्टा मोबाइलला रेंज नसते, आणि त्या पट्ट्यात एक चांगला ढाबा आहे, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रेंज नसली तरी यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आली की सगळ्या एकदम पाठवतं, हे त्या मुलानं आक्काला आधीच हळूच सांगून ठेवलं आहे. मी तटस्थ आहे.