आणि मोती?

लांडगेवाला तुम्हाला ठाऊकच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बोळिंजच्या एखाद्या हॉलमध्ये रविवारी दुपारी टीपॉयभोवती पाचजण बसले, की त्यातला एक तो निघतोच. बाकीचे आपापला एकेक वीर सांभाळतात. याला जोडीला शिकवलेला लांडगा हवा. नाव मोती. राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी सगळे श्वास रोखून उभे, खेळ चालवणाऱ्या डीएमने फासा उचललेला, आणि हा विचारतो, ‘‘आणि मोती?’’ मोतीला वास आला का, मोतीला कडी काढता येईल का. सराईत चार खाटांचे पैसे ठरतात न ठरतात तोच पुन्हा, ‘‘आणि मोती?’’

चूक मोती पाळण्यात नाही, मोतीला माणूस समजण्यात आहे. आणि या बाबतीत जुने नियम लांडगेवाल्यापेक्षा शहाणे होते. 2003 च्या साडेतीन आवृत्तीत जनावर हाताळणं हे स्वतंत्र कसब होतं. लांडग्याची बुद्धी 2, तेवढ्यात फार तर 6 गोष्टी बसायच्या, आणि एकेक शिकवायला आठवडा. शिकवलेलं करून घ्यायला 10 पुरत. न शिकवलेल्याला 25 लागत. वीस बाजूंच्या फाशावर 25! म्हणजे अंगात कसब नसेल तर नशीबही हात टेकणार. हा नियम लिहिणाऱ्याने जनावर जवळून पाहिलेलं असावं. आपला नंदीबैलवाला हेच जाणतो. पाऊस पडेल का, पोरीचं लग्न जमेल का, काहीही विचारा, बैल मान हलवतो. शिकवलंय तेवढंच, बाकीचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. लांडगेवाला मात्र मोतीला पहारेकऱ्याच्या खिशातला नकाशा वाचून यायला पाठवतो.

यावर त्याचं उत्तर तयार असतं: इथे ड्रॅगन उडतो, मग मोतीने कडी काढली तर कुणाचं काय गेलं? गेलं ना. ड्रॅगन ड्रॅगनसारखा वागतो म्हणून तर त्याची धास्ती. मोती लांडग्यासारखा वागला नाही, तर तो चार पायांचा घरगडी. मग कुणी म्हणेल, याला एकाच्या जागी दोन डाव हवेत, बाकी काही नाही. हा आरोप मात्र टिकत नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत मोतीने चावावं म्हणून हुकूम सोडायचा, तर सुरुवातीच्या पायऱ्यांवर मालकाचा स्वतःचा वार जायचा. सौदा उघड तोट्याचा, तरी लांडगेवाल्याने मोती सोडला नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत 60 किलोमीटर उभ्याने जाणाऱ्याला, भाड्याच्या घरात कुत्रं पाळायची परवानगी नसलेल्याला, ‘बस’ म्हटल्यावर बसणारं कुणीतरी हवं असेल, तर त्याला लोभ कसं म्हणायचं?

शिवाय नियमांनी मोतीच्या मरणाचं काय केलं पाहा. साडेतीन आवृत्तीत नव्या सोबत्यासाठी 24 तास अखंड प्रार्थना करावी लागे. 2014 मध्ये 8 तासांत दुसरं जनावर जोडता येऊ लागलं. 2020 च्या पुस्तकात तासाभराच्या आत हात लावून एक मंत्र खर्चला, की मेलेला मिनिटात उठतो. सुतकही लोकलसारखं फास्ट झालं. लांडगेवाल्याकडे नेमका तेव्हा मंत्र शिल्लक नसतो. सगळे आधीच मोतीच्या जखमांवर उधळलेले. ‘‘दुसरा घे रे,’’ सगळे सांगतात. ‘‘घेतो,’’ तो म्हणतो. खोडरबर समोरच पडलेलं असतं आणि शीटवरचं पेन्सिलीचं नाव तसंच राहतं. त्याची पाळी येते, तो मुकाट्याने फासा टाकतो, पाळी संपते. आणि डीएम सवयीने क्षणभर थांबतो.