सगळं नॉर्मल आहे म्हणे

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून रुसून बसलेला माणूस पाहायचा असेल, तर आमच्या घरी यावं. सोफ्यावर खिडकीकडच्या बाजूला जो बसलेला असतो, तो मीच.

आजार निघाला की माणसाला घरात एक जागा मिळते. त्याच्यासाठी वेगळी भाजी होते, पाहुण्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं जातं, आणि दुपारी तो आडवा झाला तर 'आराम करताहेत' असं म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच झोपेला 'लोळणं' म्हणतात. गेले काही महिने जेवण झालं की माझ्या डोळ्यांवर अशी काही झापड यायची, की हातातलं वर्तमानपत्र मी वाचतोय की पांघरलंय हे घरच्यांना कळत नसे. घशाला कोरड पडायची. रात्री उठावं लागायचं, एकदा उठून भागायचं नाही. तळपायांना मुंग्या यायच्या. त्यात आईला पन्नाशीपासून शुगर. एवढा पुरावा हाताशी असताना निकाल वेगळा लागेल, असं कुणाला तरी वाटलं असतं का?

निकाल असा लागला : फास्टिंग ९७, पीपी १३१, आणि ज्याला सगळे 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती एचबीएवनसी ५.६. हे आकडे नीट पाहा. उपाशीपोटीची रेघ १०० वर, जेवणानंतर दोन तासांची १४० वर, एचबीएवनसीची ५.७ वर. म्हणजे तिन्ही विषयांत मी काठावर पास.

"पास ना? मग येताना कोथिंबीर आणा," बायको म्हणाली.

पण काठ म्हणजे काय, तो कुणी आखला, हे पाहायला नको? मी पाहिलं. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर अमेरिकेची मधुमेह संघटना तिला प्रीडायबेटिस म्हणते. जागतिक आरोग्य संघटना मात्र ११० पर्यंत काही बोलत नाही. म्हणजे १०४ साखर घेऊन तुम्ही जिनिव्हाच्या विमानतळावर उतरलात तर निरोगी, न्यूयॉर्कला उतरलात तर बॉर्डरवर. बरं, अमेरिकेतही ही रेघ ११० वरच होती. २००३ साली ती १०० वर आणली. आदल्या रात्री निरोगी झोपलेले कितीतरी लोक सकाळी प्रीडायबेटिक होऊन उठले, आणि त्यांनी रात्रीतून काही खाल्लंही नव्हतं!

रेघेचं जाऊ द्या, पण जे मोजायचं ते रक्त तरी जागेवर थांबतं का? तेही नाही. रक्त शरीरातून काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि बाटलीतली साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला पाच-सात टक्के. त्यासाठीच साखरेचं रक्त राखाडी बुचाच्या वेगळ्या बाटलीत घेतात. तिच्यातल्या फ्लोराइडमुळे हा फराळ थांबतो, पण तोही लगेच नाही, तास-दोन तासांनी. सकाळी घरी येऊन रक्त नेणारा मुलगा पुढे आणखी चार घरं करत लॅबला पोचतो, तोवर माझ्या ९७ मधले किती या पेशींनी नाश्त्याला घेतले असतील? बायकोला मी हा मुद्दा सांगितला. "तुमच्याच पेशी त्या," ती म्हणाली, "खाणारच."

एचबीएवनसीची गंमत वेगळीच. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला जी साखर चिकटते, तिचा हा हिशेब. त्यामुळे आदल्या आठवड्यात गोड बंद करून हा रिपोर्ट सुधारत नाही, याचं आपल्याकडे अनेकांना मनापासून दुःख आहे. पण पेशींचं आयुष्यच कमी-जास्त झालं तर हिशेबही चुकतो. अंगात लोह कमी असेल तर आकडा फुगू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर मरत असतील तर खाली दिसू शकतो. आमच्या वहिनींचा ५.९ आला तेव्हा त्यांनी डब्यातली साखर मोलकरणीला देऊन टाकली. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि पुढच्या खेपेला आकडा आपोआप खाली आला. साखर मात्र परत आली नाही.

इथवर माझा अभ्यास ठीक चालला होता. मग भाचा आला. तो हिंजवडीला कंपनीत आहे, वय तिशीच्या आत, आजार काहीही नाही, आणि दंडावर रुपयाएवढा सेन्सर. चौदा दिवस तो दंडाला चिकटून राहतो आणि साखरेचा आलेख मोबाइलवर काढत राहतो. मिसळ खाल्ली की रेघ चढते, भाचा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला धावतो. एकदा मध्यरात्री साखर धोकादायक खाली गेल्याचा गजर झाला, सगळं घर उठलं, बहीण साखरपाणी घेऊन धावली. हा तोच दंड अंगाखाली दाबून झोपला होता, एवढंच. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. अंगाखाली दाबला गेला की खोटा आकडा दाखवतो. कुशीवरून उठल्याबरोबर भाचा बरा झाला.

त्यानेच मला म्हटलं, "मामा, साखर काय बघता? फास्टिंग इन्सुलिन बघा."

मला तो शब्द नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एकही घर असं उरलं नव्हतं, जिथे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव आणि 'फास्टिंग इन्सुलिन' हे शब्द एका दमात घेतले जात नव्हते. दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, हे त्यांचं सांगणं. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा म्हणत होत्या. घराघरांत दोन पक्ष पडले. आमच्या ओळखीत एक गृहस्थ मात्र समन्वयवादी निघाले. ते दर दोन तासांनी खात आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटं खात.

भाच्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे सांगायला हवं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून भरपाई करतं. ही भरपाई जमते तोवर साखर सरळ रेषेत राहते आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात काही छापून येत नाही. ती जमेनाशी झाली की साखर वर येते, आणि याला कितीतरी वर्षं लागू शकतात. उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि साखर यांचा गुणाकार करून ४०५ ने भागण्याचं एक सूत्रही आहे. अडचण एवढीच, की इन्सुलिन मोजण्याची प्रत्येक लॅबची तऱ्हा वेगळी, आणि अमुक आकड्याच्या पुढे रोग असा सर्वांना मान्य काठ तिथे नाही. म्हणजे जिनिव्हा आणि न्यूयॉर्क निदान भांडतात तरी. इथे भांडायलाही रेघ नाही.

"पण मी जाड कुठे आहे?" मी भाच्याला विचारलं. हा प्रश्न पुण्यात विचारू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचं उत्तर स्वतःच्या अंगावर देऊन ठेवलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून गुबगुबीत, हा आपला भारतीय घाट. आणि तो जन्मापासूनचा, आईच्या पोटात असल्यापासूनचा, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मोजमापं घेऊन दाखवलं. ते वाचल्यापासून मी स्वतःला 'बारीक' म्हणत नाही. बायको आधीपासूनच म्हणत नव्हती.

जुन्या लोकांनी तर रक्त न काढता हे सगळं पाहिलं होतं. चरकाने प्रमेहाची पूर्वरूपं सांगितली आहेत, म्हणजे रोग यायच्या आधीची चाहूल : आळस, तहान, तोंड गोड लागणं, हातापायांची आग, अंगाला आणि लघवीला मुंग्या लागणं. आणि कारणं? सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. वाचताना मला वाटलं, हा माणूस आमच्याकडे संक्रांतीला येऊन गेलेला दिसतो.

एवढी सामग्री घेऊन मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला मध्ये न तोडता ऐकून घेतलं, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

"साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडायला लागतात," ते म्हणाले. "मग पाणी ओढलं जातं, मग तहान, मग रात्रीचं उठणं. तुमची पीपी १३१ आहे. तुम्हाला बाथरूमला पाठवणारी साखर ही नव्हे."

"पण बॉर्डरवर असताना लक्षणं..."

"बहुतेकांना काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. चहा किती? शेवटचा कधी? बीपीची गोळी सकाळी घेता की रात्री? घोरता का? (इथे बायको पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकली आणि पुष्कळ बोलली.) मांसाहार? अंडी? लघवीची धार कशी आहे? बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती मी झोपताना घेत होतो. ती सकाळी घ्यायला सांगितली. बी-१२ तपासलं तर ते शाकाहारी घराण्याला शोभेल इतकं कमी निघालं. पायांच्या मुंग्या बहुधा तिथल्या. घोरण्यासाठी झोपेची तपासणी सुचवली, कारण रात्रभर श्वास अडखळत असेल तर दुपारी माणूस पेंगणारच. माझ्या एका देखण्या आजाराचे असे तीन किरकोळ तुकडे झाले.

मी उठायला लागलो तर त्यांनी टेप काढली.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने बनवलेली एक साधी गुणपत्रिका आहे. तिला रक्त लागत नाही. वय, कंबर, व्यायाम आणि आई-वडील, एवढ्यावर शंभरपैकी गुण. साठ किंवा जास्त मिळाले तर धोका मोठा. पन्नाशी ओलांडली, तीस. आईला मधुमेह, दहा. व्यायाम बेताचा, वीस. राहिली कंबर. मी अभिमानाने पँटचं माप सांगितलं. डॉक्टर हसले. मराठी पुरुषाची पँट पोटाच्या खाली असते, आणि कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध. तिथे ९३ सेंटिमीटर भरली. पुरुषाला ९० च्या आत हवी. आणखी दहा. एकूण सत्तर. शाळेनंतर इतके गुण मला प्रथमच मिळत होते.

मान पाहून त्यांनी कॉलरखाली काही नाही म्हणून सांगितलं. मानेच्या मागे काळपट, मखमली पट्टा दिसला तर ती इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची खूण असू शकते. आपल्याकडे आया मुलांच्या मानेवरचा तो पट्टा मळ समजून वर्षानुवर्षं दगडाने घासतात. पोरगं ओरडतं, पट्टा जात नाही, आणि आळशी म्हणून आणखी एक धपाटा मिळतो. ते तेवढं थांबायला हवं.

शेवटी त्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी लिहून दिली. पीपीला आपण घरी जे जेवू ते जेवून जातो. एक जण दोन पोळ्या खाऊन जातो, दुसरा काकडी. इथे मोजून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास हलायचं नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं भात-पोळी खायची सक्त ताकीद. तपासणीपूर्वी उपासतापास करून पुण्य साठवणाऱ्यांची इथे फजिती होते, कारण पिष्टमय पदार्थ तोडले तर त्या दिवशी साखर उलट जास्त चढलेली दिसू शकते. पंधरा चमचे साखर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने पिण्याचा तो प्रसंग मी मनापासून साजरा केला. आकडा आला १३८.

"अजून नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "दरवर्षी बघू. जेवल्यावर चाला. कंबर नव्वदच्या आत आणा."

याचं लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न राहिलाच. परवा भावकीतल्या लग्नात मठ्ठा-जिलबीची पंगत होती. वाढपी ताटापाशी थबकला. हल्ली ते वय बघून आधी विचारतात.

"काका, शुगर आहे का?"

नाही म्हणावं तर चार जिलब्या पडणार. हो म्हणावं तर खोटं, आणि शेजारी बायको.

"बॉर्डरवर आहे," मी म्हणालो.

"मग अर्ध्याच वाढतो," तो म्हणाला, आणि दोन वाढून पुढे गेला.