शेपूचा मान

ग्रीक जेवणात भात तोंडी लावायला असतो, हे मराठी माणसाच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो. ताटात मधोमध भाजलेली मासळी नाहीतर कोंबडी, हाताशी पाव, आणि कडेला लिंबू पिळलेला, हिरवा शिडकावा असलेला भात. म्हणजे आपण कोशिंबिरीला देतो ती जागा. वरण नाही, तूप नाही. मासळी आहे, भात आहे आणि कालवण नाही, हा प्रकार तर कोकणातल्या माणसाला सरळसरळ अन्याय वाटेल.

पण ग्रीकांची आणि भाताची ओळख तशी उशिराचीच. अलेक्झांडरच्या मोहिमेत असलेल्या अ‍ॅरिस्टोब्युलसने कोंडलेल्या पाण्यात उभं राहणारं हे पीक नवलाईने टिपून ठेवलं. स्ट्रॅबोने पुढे ते आपल्या ग्रंथात घेतलं. आज थेसालोनिकीजवळ, अ‍ॅक्सिओस नदीच्या मुखाशी भाताची खाचरं आहेत. पोट बिघडलं की तिथली आईसुद्धा मऊ भात शिजवते आणि वर लिंबू पिळते. आणि क्रीट बेटावर लग्नात मांसाच्या रश्श्यात शिजवलेला, लिंबू घातलेला खास पुलाव असतो. तिथे मात्र भाताचा मानपान यथासांग होतो.

रोजचा लिंबूभात करायला सोपा आहे. ऑलिव्ह तेलात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होऊ द्यायचा. लाल करायचा नाही. इथे आपला हात आवरावा लागतो, कारण कांदा लाल झाल्याशिवाय कालथा खाली ठेवायची आपल्याला सवय नाही. मग तांदूळ परतून दाण्यादाण्याला तेल लागू द्यायचं, मीठ आणि दुप्पट गरम पाणी घालून झाकण ठेवायचं. पाणी आटलं की गॅस बंद करून झाकणाखाली स्वच्छ पंचा घालायचा आणि दहा मिनिटं तिकडे बघायचं नाही. वाफ पंच्यात शोषली जाते, थेंब भातावर पडत नाहीत, शीत मोकळं राहतं.

लिंबाचा रस घालायचा तो त्यानंतर. पोह्यांवर आपण लिंबू शेवटी पिळतो, त्यामागचं शहाणपण हेच. आचेवर त्याचा वास उडून जातो. लिंबाची पिवळी सालही किसून घालतात, मात्र खालचा पांढरा भाग किसणीवर आला की भात कडू झालाच म्हणून समजा. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, तेव्हा किसताना हात आणखी हलका हवा.

आणि वरून बारीक चिरलेला पुदिना, पार्सली, आणि चक्क शेपू! आपल्याकडे शेपूची भाजी म्हटलं की अर्ध्या घराला अचानक भूक नसते. उरलेलं अर्धं घर मुगाची डाळ आणि लसूण यांच्या भरवशावर जेवतं, आणि दुपारची भाजी ढेकरांच्या रूपाने संध्याकाळपर्यंत हजेरी लावते. ग्रीसमध्ये मात्र हाच शेपू पालकभातात असतो, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भातात असतो, दह्याच्या कोशिंबिरीतही असतो. थोडा असतो, आणि या लिंबूभातात तर कच्चा, गॅस बंद झाल्यावर घातलेला. लिंबाच्या आंबटपणात त्याचा उग्रपणा निवतो आणि बडीशेपेच्या कुळातला सुगंध तेवढा उरतो.

दोष शेपूचा नव्हताच. जुडीच्या जुडी कढईत लोटून, झाकण ठेवून आपण त्याला पार मऊ करतो आणि वर त्यालाच नावं ठेवतो. तेव्हा पुढच्या वेळी जुडी आणाल, तर भाजी खुशाल करा, पण कोवळे शेंडे तेवढे मूठभर बाजूला काढा आणि लिंबू पिळलेल्या गरम भातावर चिरून घाला. शेजारी वरण ठेवलंत तरी हरकत नाही. बघायला कोणी ग्रीक येत नाही.