हे तं घरीच बनते

वणीपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही कॉलनीत जा, एक तरी 'हे तं घरीच बनते' गृहस्थ सापडतोच. वय साठीच्या अल्याडपल्याड, नोकरीतून नुकताच मोकळा झालेला, पोरगा हिंजवडीला कंपनीत. हॉटेलात मेनूकार्ड आलं की हा आधी किंमत वाचतो आणि मग पदार्थ. शाही पनीर त्याच्या घरी केव्हाच बनून झालेलं असतं. पिझ्झा लॉकडाऊनमध्ये तव्यावर झाला. राहिलं होतं ते सब सँडविच.

ते पुण्यात भेटलं. पोराने सबवे नावाच्या सँडविचच्या दुकानात नेलं. काचेपलीकडून प्रश्न सुरू झाले : ब्रेड कोणता, चीज कोणतं, टोस्ट करू का, सॉस कोणता? जेवताना एवढी चौकशी याची आयुष्यात कुणी केली नव्हती. घरी फार तर 'अजून वाढू काय?' एवढंच. त्याने सगळ्यालाच 'टाका' म्हणून सांगितलं, काळ्या ऑलिव्हलासुद्धा, कारण त्याचे वेगळे पैसे नव्हते. पहिल्या घासाला म्हणाला, "गोड लागून रायला बे हा पाव." दुसऱ्याला, "एवढ्या पैशात पाव अन् पाला?" तिसरा घास गिळायच्या आत ते वाक्य आलंच.

इतर लोक हे वाक्य बोलतात आणि विसरतात. हा विसरत नाही. यवतमाळला गाडीतून उतरेपर्यंत मोबाइलवर सबवेचा अभ्यास झालेला असतो. 1965 साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टमध्ये फ्रेड डेलुका नावाच्या 17 वर्षांच्या पोराने पीटर बक या भौतिकशास्त्रज्ञाकडून हजार डॉलर घेऊन पहिलं दुकान टाकलं, तेही कॉलेजची फी निघावी म्हणून. "पोट्ट्याले जमते, तं मले काहून नाही जमणार?" पाव गोड लागल्याची त्याची तक्रार तर आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्यासारखीच झाली. तिथल्या करकायद्यात मूळ ब्रेड म्हणायचं तर साखर मैद्याच्या वजनाच्या 2 टक्क्यांवर जाता कामा नये, आणि सबवेच्या पावात ती 10 टक्के निघाली. 2020 चा निकाल : करापुरता तरी हा ब्रेड नव्हे. हे तो दत्त चौकात चहा पिताना अशा थाटात सांगतो, की खटला यानेच लढवला असावा. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने सबवेच्या फूटभराच्या सँडविचला टेप लावली आणि ते 11 इंच भरलं, हे वाचल्यापासून तर याच्या खिशात टेप असते.

मग रविवार उजाडतो. तीनशे ग्रॅम मैदा, यीस्ट, मीठ, चमचाभर साखर ("दोन टक्क्यांच्या आत!") आणि फल्लीतेल. इथे त्याची गाठ अमेरिकेशी नसते, यवतमाळच्या उन्हाशी असते. व्हिडिओतली बाई सांगते, कणीक तासभर उबदार जागी ठेवा. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकलेला असताना आपल्याकडे उबदार नसलेली जागा दाखवा! अर्ध्या तासात मैदा फुगून पातेल्याबाहेर येतो आणि आंबूस वास मारतो. दोन रविवार वाया गेल्यावर तो बर्फाच्या पाण्याने कणीक भिजवतो आणि पातेलं कूलरपुढे मांडतो. त्या दिवशी घरातली माणसं पंख्याखाली आणि मैदा कूलरपुढे.

पाव आडवा पसरू नये म्हणून त्याने तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून, पन्हाळीसारखा वाकवून आणला आहे. त्याच्या कडेने एकदा बोट कापलं, तिथे पट्टी आहे. ओव्हन घेतला तेव्हा लांबी मोजायची राहिली, म्हणून पत्रा आत तिरपा बसतो आणि एका खेपेला एकच पाव निघतो. कवच खुसखुशीत यावं म्हणून खाली उकळत्या पाण्याची वाटी असते. निघालेल्या पावाला टेप लागते. सव्वाबारा! त्या अकरा इंचांवरचा सव्वा इंच म्हणजे त्याचा त्या आठवड्यातला विजय.

हिशेब वहीत असतो : मैदा, भाजी, चीज मिळून एका सँडविचला पन्नासच्या आत. ओव्हनचे सात हजार त्यात नाहीत, विजेचं बिल नाही, आणि आतून येणारा वहिनींचा आवाज तर नाहीच : "अन् ओटा कोण धुते? मीच धुतो ना! माहे हात हिशेबात धरले काय?"

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या माणसाला सँडविच कळलं आहे. भेदराच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चकत्यांना मीठ लावून तो त्या पाव तास चाळणीत निथळत ठेवतो. पावाला आतून दोन्ही बाजूंनी लोणी लावतो, म्हणजे ओल पावात उतरत नाही. सॉस लावायचा तो भाजीवर, पावावर नाही. पाव पुरता कापत नाही, एक कड जोडलेली ठेवतो. लेट्यूससाठी बाजार पालथा घालून शेवटी पत्ताकोबीवर आलेला आहे, तीही बर्फाच्या पाण्यातून काढून फडक्यात पुसलेली. विकतच्या सबात एवढी निगुती मी पाहिलेली नाही.

फसतो तो आत घालायच्या सारणात. सोया चंक, उकडलेला आलू, पनीर, सगळं करून पाहिलं. एकतर कोरडं, नाहीतर गिळगिळीत. एका रविवारी पाव तयार आणि सारण करपलेलं, तेव्हा वहिनींनी न बोलता सकाळच्या पातोड्या रश्श्यात सोडण्याआधीच काढून तव्यावर परतल्या, पावात ओळीने मांडल्या, वरून जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा. पातोडी घट्ट, पाणी सोडत नाही, चावली की मोकळी होते. खाणारे सगळे गप्प. गृहस्थाने दुसरा अर्धा मागून घेतला आणि मग सावकाश म्हणाला, "पाव चांगला झाला आज."

तेव्हा तुमच्या शेजारी असा कुणी असेल आणि 'या रविवारी आपल्याकडे' म्हणून बोलावणं आलं, तर टाळू नका. सातचं सांगितलं असेल तर नऊला पोचा, घरून दोन पोळ्या खाऊन निघा, आणि आत काय आहे ते वहिनींना आधी फोन करून विचारा.